वळूची परीक्षा त्याच्या वासरांत

धानाची चुरणी आटोपली, तणसीचे ढीग रचून झाले, म्हणजे वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांत पटाचे दिवस सुरू होतात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक हा झाडीपट्टीचा जुना परिपाठ आहे. पटाच्या मैदानाभोवती जमलेल्या मंडळींस विचारावे की, ही जोडी कोणाची, कोठून आणली, किती रुपयांस घेतली, धुरकरी कोण, मागील साली तिने कोठे बक्षीस मिळविले. ह्या सर्व प्रश्नांची उत्तरे तत्काळ मिळतात. परंतु ‘ह्या बैलाचा बाप कोण?’ असा प्रश्न कोणी केला, तर उत्तर मिळत नाही. पुष्कळदा विचारणाऱ्याकडेच लोक चमत्कारिक नजरेने पाहू लागतात.

ह्या एका प्रश्नाचे उत्तर आमच्या गावांत कोणास देता येत नाही, हेच आमच्या गोधनाच्या हीन स्थितीचे मुख्य कारण आहे, असे आमचे मत आहे. चंद्रपूर व गडचिरोली ह्या जंगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी आपल्या गावचा वळू कसा निवडावा, त्याची परीक्षा कशी करावी आणि ती झाल्यावर त्याचे काय करावे, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

वळू म्हणजे अर्धे खिल्लार

वासरास अर्धा वारसा आईकडून व अर्धा बापाकडून मिळतो, हे सर्वांस ठाऊक आहे. एका वासरापुरते पाहिल्यास दोघांचा वाटा सारखाच आहे. परंतु सबंध खिल्लाराचा विचार केला म्हणजे हिशेब पालटतो. आपल्या देशी गाईस एक वेत संपून दुसरे येण्यास सव्वा ते दीड वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणजे चांगल्या गाईचे गुण दीड वर्षात एकाच वासरात उतरतात. वळू मात्र नैसर्गिक रीतीने वर्षास पन्नास-साठ गाई फळवितो. साठ गाईंच्या गावात एकच वळू तीन वर्षे राहिला, तर त्या काळात जन्मलेल्या सर्व वासरांच्या अंगी अर्धे रक्त त्याचेच असते. पुढे त्याच्या कालवडी गाई होतात व तेच रक्त नातवंडांत उतरते. म्हणून गाय चुकली तर एका गोठ्याची हानी होते. वळू चुकला तर दहा वर्षे सबंध गावास त्याचा दंड भरावा लागतो.

परदेशातील एक बोधप्रद उदाहरण

नराची निवड कशी करावी ह्याचा धडा घोड्यांच्या पैदाशीतून उत्तम मिळतो. ऑस्ट्रेलियात गुरांचे मोठमोठे कळप घोड्यावर बसून राखतात. त्या कामातून तेथे ‘कॅम्पड्राफ्टिंग’ नावाचा खेळ निघाला. स्वार कळपात शिरून एक जनावर वेगळे काढतो, ते परत कळपाकडे धावू लागले की घोडा आडवा घालून वळवितो, आणि मग मोकळ्या मैदानात त्याच्या खांद्याशी घोडा भिडवून त्यास ठरलेल्या खुंटांभोवती फिरवून आणतो. शंभर गुणांपैकी जनावर वेगळे काढण्यास २६, घोड्याच्या मैदानातील कामास ७० व फेरा पुरा करण्यास ४ असे गुण ठेवलेले आहेत. ह्या वाटणीवरून ध्यानात येईल की, त्या लोकांनी केवळ वेगास महत्त्व दिलेले नाही. घोडा जनावराचा रोख किती ओळखतो व किती चलाखीने वळतो, हे ते पाहतात.

अमेरिकेत ह्याच कामाचा दुसरा खेळ आहे, त्यास ‘कटिंग’ म्हणतात. त्यात अडीच मिनिटांचा अवधी असतो. जनावर वेगळे काढल्यावर स्वाराने लगाम ढिला सोडावयाचा असतो आणि घोड्याने आपल्या बुद्धीने जनावरास कळपात परत जाऊ द्यावयाचे नसते. ही बुद्धी शिकवून काही अंशी वाढते. परंतु मुळात ती रक्तात असावी लागते. म्हणून तेथे अशा घोड्यांच्या बापास फार मोल येते.

अशा बापांपैकी डॉक बार ह्या घोड्याची हकीकत आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. तो १९५६ साली जन्मला. शर्यतीसाठी त्याची पैदास केली होती. परंतु चार शर्यतींत मिळून त्याने अवघे ९५ डॉलर मिळविले. शर्यतीच्या दृष्टीने तो वाया गेलेला घोडा होता. पुढे त्याच्या बांध्यामुळे प्रदर्शनांत त्यास बक्षिसे मिळाली. गुरे वळविण्याच्या खेळात मात्र त्याने स्वतः कधी नाव कमावले नाही. असे असता, गुरांच्या कामात तरबेज असलेल्या घराण्यांतील घोड्या त्यास दाखविल्यावर जी शिंगरे झाली, त्यांनी सर्व मैदान मारले. पोको लेना ही त्या खेळातील नामांकित घोडी. तिच्या पोटी डॉक बारपासून झालेला डॉक ओलेना हा १९७० साली तीन वर्षांच्या घोड्यांच्या मुख्य स्पर्धेत पहिला आला, आणि त्याचा सख्खा भाऊ ड्राय डॉक १९७१ साली त्याच स्पर्धेत पहिला आला. डॉक बार १९९२ साली मेला. आज त्या खेळातील घोड्यांच्या वंशावळीत त्याचे नाव ठिकठिकाणी आढळते.

ह्यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, नराचे स्वतःचे काम व त्याच्या संततीचे काम ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी, आईचे घराणे बळकट असल्याशिवाय चांगल्या नराचेही चीज होत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची ही की, त्या लोकांनी कोणते शिंगरू कोणाचे हे लिहून ठेविले होते. लिहिले नसते, तर डॉक बार हा शर्यतीत हरलेला एक घोडा म्हणून विसरला गेला असता.

आमचे धन : काठाणी व गवळाऊ

आता आपल्या घराकडे वळू. आमच्या भागातील धानाच्या बांध्यांत पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या लहानखुऱ्या, चपळ गुरांस पूर्वी कोणी जात म्हणत नसे. ‘गावरान’ म्हणून त्यांची बोळवण होई. ह्याच गुरांस काठाणी ह्या नावाने राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली असून जानेवारी २०२३ मध्ये नव्याने नोंदलेल्या जातींत तिचे नाव प्रसिद्ध झाले. चंद्रपूर, गडचिरोली व गोंदिया हे तिचे मुख्य प्रदेश होत. दलदलीच्या धानशेतीत ओढकामास योग्य, हाच तिचा विशेष गुण म्हणून नोंदला गेला आहे. ज्या चिखलात जड अंगाचा बैल पोटापर्यंत रुततो, तेथे हलक्या अंगाचा व घट्ट खुराचा बैल पाय उचलून चालतो. तणस व जंगलातील चराई ह्यांवर तो निभावतो आणि रोवणीच्या दिवसांत उमेद सोडत नाही.

पश्चिमेस वर्धा व नागपूर जिल्ह्यांत गवळाऊ जातीचे माहेर आहे. तिचे अंग सडपातळ व लांबट, तोंड निमुळते आणि रंग पांढरा असतो. नरांच्या मानेवर व वशिंडावर करडी झाक येते. गाडीस जुंपलेला गवळाऊ बैल दुडक्या चालीने लांब पल्ला गाठतो. मराठ्यांच्या फौजांच्या वाहतुकीत ह्या बैलांचा उपयोग होत असे. रेंगी व छकडा ह्यांस असा बैल शोभतो.

दोन्ही जाती आपापल्या जागी उत्तम आहेत. परंतु एकीचे काम दुसरीकडून घेऊ नये. ज्याची शेती बांध्यांची आहे, त्याने पांढऱ्याशुभ्र रंगास व उंचीस भुलून चिखलात न टिकणारे रक्त गावात आणू नये. भिमथडीचे घोडे एके काळी नावाजले ते भीमाकाठच्या हवेत व तेथल्या चाऱ्यावर. जात ही त्या त्या भूमीने घडविलेली वस्तू आहे.

आमच्याकडील उलटी निवड

ज्या रीतीने आमच्या गावांत निवड होते, तिच्याइतकी उलटी रीत शोधूनही सापडणार नाही. गोठ्यात चार गोऱ्हे असले तर त्यांतील सर्वांत चांगला, अंगाने भरलेला, पायाने चलाख असा गोऱ्हा धनी प्रथम बडवून घेतो. कारण त्याचा बैल चांगला होईल व त्यास चांगली किंमत येईल. दुसराही तसाच जातो. जो खुजा, वाकड्या पायाचा, ज्यास गिऱ्हाईक नाही, तो बडवावयाचाही राहतो. तो आखरावरील गुरांबरोबर जंगलात जातो आणि तेथे गाई फळवितो. म्हणजे चांगल्या गोऱ्ह्याचा वंश बुडतो व वाईटाचा वाढतो. हे वर्षानुवर्षे चालले असताही आमच्या गुरांत जे काही सत्त्व उरले आहे, ते ह्या भूमीच्या कठोर परीक्षेमुळे उरले आहे. आमच्या शहाणपणाचा त्यात काही वाटा नाही.

पूर्वी ह्या दोषास एक उतारा होता. मृताच्या नावे वृषोत्सर्ग करण्याची व देवास गोऱ्हा सोडण्याची चाल होती. तो गोऱ्हा सुलक्षणी असावा असा दंडक होता व सर्व गाव त्यास चारीत असे. पुढे स्वस्तातला गोऱ्हा सोडून पुण्य पदरात पाडण्याची वृत्ती वाढली आणि चालीतील अर्थ गेला. १९२६ साली नेमलेल्या शाही शेतकी कमिशनचे अध्यक्ष लॉर्ड लिनलिथगो हे पुढे व्हाइसरॉय झाले, तेव्हा १९३६ साली त्यांनी चांगल्या वळूंचे दान करण्याविषयी सधन लोकांस आवाहन केले होते. हेतू चांगला होता. परंतु दान दिलेला वळू जातिवंत दिसला, तरी त्याची वासरे कशी निपजतात हे कोणी पाहावयाचे, हा प्रश्न उरतोच.

आमची स्वतःची चूक

येथे दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वी आमची चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावासाठी वळू आणावयाचा ठरला. वर्गणी जमली. ज्यांच्या घरी स्वतःचा बैलही नव्हता, अशांनीही धान विकून आपला वाटा दिला. निवडीचे काम आमच्याकडे आले. आम्ही बाजारात गेलो आणि एक उंच, पांढरा, भरदार वशिंडाचा गोऱ्हा पाहून मोहित झालो. त्याची आई आम्ही पाहिली नाही. तिच्या आधीच्या वेतांची चौकशी केली नाही. गावातील एका वृद्ध गुराख्याने त्याच्या खुरांकडे पाहून ‘हा चिखलाचा नोहे’ एवढेच म्हटले. आम्ही ते हसण्यावारी नेले.

त्याची वासरे दिसण्यात सुरेख झाली. दोन वर्षे आमची वाहवा झाली. चौथ्या वर्षी ती जोखडास आली तेव्हा खरे रूप कळले. खूर मऊ व पसरट, चिखलात दोन फेऱ्या झाल्या की धाप, आणि दुपारी जीभ बाहेर. एका शेजाऱ्याकडे त्याच वळूचे दोन गोऱ्हे होते. त्याने इतर बैल विकून त्यांची जोडी केली होती. ऐन रोवणीत त्यांतील एक बांधीत बसला तो उठेना. पऱ्हे उपटून ठेवलेले, मजूर लागलेले, पाऊस उघडण्याच्या बेतात. भाड्याची नांगरणी मिळेपर्यंत आठवडा गेला व त्या साली त्याचे धान निम्म्यावर आले. त्याने आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाही, हे आम्हांस अधिक लागले. त्या वळूच्या कालवडी तोपर्यंत गाभण होत्या. म्हणजे चूक एका पिढीवर थांबली नाही.

वळू कसा निवडावा

ह्या अनुभवानंतर आम्ही निवडीचा जो क्रम ठरविला तो येणेप्रमाणे :

(१) प्रथम आई पाहावी. तिची किती वेते झाली, वेतांत अंतर किती, तिचे आधीचे गोऱ्हे कोठे आहेत व ते कसे चालतात, हे विचारावे. तिचा स्वभाव धार काढणाऱ्या बाईस जितका ठाऊक असतो तितका धन्यासही नसतो. म्हणून तिला विचारावे. मारकुट्या गाईचा गोऱ्हा वळू म्हणून ठेवू नये.

(२) दुसऱ्याने भाऊ पाहावेत. आमच्या प्रदेशात हा सर्वांत सोपा उपाय आहे. पटात किंवा बांधीत एखादा बैल उत्कृष्ट निघाला, तर तो स्वतः खच्ची झाल्यामुळे पैदाशीस निरुपयोगी असतो. परंतु त्याची आई बहुधा जिवंत असते. तिच्याकडे परत जावे. तिला पुन्हा त्याच वळूपासून गोऱ्हा झाला असेल, किंवा होणार असेल, तर तो बडवू न देता राखावा. डॉक ओलेना व ड्राय डॉक ह्या सख्ख्या भावांचे उदाहरण वर दिलेच आहे.

(३) मग गोऱ्हा पाहावा. खूर काळे, कठीण व फट जुळलेली असावी. पाय सरळ असावेत. चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्या पुढे पडावा. छाती खोल, पण अंग फार रुंद नसावे. दोन्ही अंड सारखे व पूर्ण उतरलेले असावेत. ऊन लागल्यावर, काम झाल्यावर त्याचा श्वास किती वेळात पूर्ववत होतो, हे घड्याळ लावून पाहावे. दोन दाती झाल्यावर, म्हणजे अडीच ते तीन वर्षांच्या सुमारास, त्यास हलक्या जोखडाची सवय करावी. न बडवलेला गोऱ्हाही माफक काम करतो, आणि त्यावरून त्याच्या चालीची व धीराची परीक्षा होते.

(४) रंग, शिंगे व उंची ह्यांचा विचार सर्वांत शेवटी करावा.

पट हे परीक्षेचे एक साधन

शंकरपटाविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यतींस बंदी आली. पुढे महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. बंदीच्या काळात पटाच्या जोडीची किंमत उतरली आणि निवडक बैल राखण्याचा उत्साहही मावळला. आता पट पुन्हा भरतात. तेव्हा त्यांपासून पैदाशीचा लाभ करून घेणे हे शहाणपणाचे होईल.

तो लाभ असा : पटाच्या नोंदणीच्या वेळी प्रत्येक बैलाचे गाव, आईचे नाव व माहीत असल्यास बापाचे नाव लिहून घ्यावे. पाच वर्षांत अशा वह्यांवरून कोणत्या वळूची किती संतती वर आली, हे आपोआप दिसू लागेल. बक्षिसांत एखादे बक्षीस त्या वळूच्या गावास ठेवावे. आज सर्व मान बैलाच्या धन्यास मिळतो. ज्या गावाने बाप राखला त्यास काहीच मिळत नाही.

मात्र एक सावधगिरी ठेवावी. पटात काही सेकंदांचा वेग दिसतो. रोवणीत काही दिवसांचा दम लागतो. कॅम्पड्राफ्टिंगमध्ये गुणांची वाटणी कामाप्रमाणे केली आहे, तशीच आपणही करावी. आमची सूचना अशी की, शंभर गुणांपैकी चिखलणीतील कामास ५०, गाडीच्या चालीस २०, स्वभावास २० व खुरांस १० गुण धरावेत. आर लावलेली तुतारी टोचून किंवा शेपूट पिरगाळून धावलेला बैल काय सिद्ध करतो? धुरकऱ्याचे क्रौर्य तेवढे त्यातून दिसते. कायद्यानेही अशा छळास मनाई आहे. शब्दावर चालणारा बैल हाच चांगल्या बापाचा पुरावा होय.

पैदास-वही व तीन गावांची फेरी

वळूची परीक्षा त्याच्या वासरांत होते असे आम्ही म्हणतो, तेव्हा एक अडचण उभी राहते. वळू तीन वर्षांचा असता गाई फळवू लागला, तर साडेनऊ महिन्यांनी वासरे होतात आणि ती जोखडास येण्यास आणखी साडेतीन-चार वर्षे लागतात. म्हणजे निकाल लागतो तेव्हा वळू आठ वर्षांच्या घरात असतो. दुसरीकडे, तो एकाच गावात तीन वर्षांहून अधिक राहिला तर त्याच्याच कालवडी माजावर येऊन त्यास दाखविल्या जातात. बाप व लेक ह्यांच्या संबंधातून झालेल्या वासरात चवथा हिस्सा वारसा दोन्ही बाजूंनी एकच येतो. त्यामुळे लपलेले दोष उघड होतात, वासरे नाजूक होतात व गाई उलटू लागतात. म्हणून गावे बहुधा तीन-चार वर्षांनी वळू विकून टाकतात, आणि तो चांगला होता हे कळते तेव्हा तो हाती नसतो.

ह्यास उपाय म्हणून तीन शेजारच्या गावांनी मिळून तीन वळू राखावेत व दर तीन वर्षांनी ते फिरवावेत. पहिल्या गावाचा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा पहिल्यात. अशाने जवळच्या रक्ताचा संबंध टळतो, वळू हातचा जात नाही, आणि तो दुसऱ्या गावात असतानाच पहिल्या गावातील त्याची संतती जोखडास येऊन त्याची परीक्षा होते. उत्तम ठरला तर त्यास जपावे. वाईट ठरला तर तत्काळ खच्ची करावा.

ह्याबरोबर एक पैदास-वही ठेवावी. चार रकाने पुरेत : गाईची खूण व धनी, फळल्याची तारीख, वळू कोणता, वासरू नर की मादी व पुढे कसे निघाले. जंगलात कोणत्या दिवशी कोणती गाय कोणत्या नराने फळविली, हे गुराख्यास ठाऊक असते. त्यास दर नोंदीमागे काही देणगी ठरवावी. ज्या वृद्ध गुराख्याचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले, त्याच्याकडेच आमची पहिली वही आम्ही सोपविली.

आखरावरील इतर सर्व नर लहानपणीच, पशुवैद्यकीय दवाखान्यात चिमट्याने खच्ची करून घ्यावेत. ठेचून बडवण्याची जुनी रीत निर्दय आहे व तीत जनावर दगावण्याचेही भय असते. हे काम झाल्याशिवाय चांगला वळू आणणे म्हणजे फुटक्या बांधीत पाणी सोडण्यासारखे आहे.

कृत्रिम रेतनाविषयी

उणे १९६ अंश तपमानाच्या द्रवरूप नत्रात वळूचे रेत वर्षानुवर्षे टिकते. म्हणून वळूची परीक्षा पुरी होईपर्यंत त्याच्या मात्रा राखून ठेवता येतात आणि तो मेल्यावरही त्याची संतती वाढविता येते. नागपूर येथे गोठित रेताची प्रयोगशाळा आहे, आणि २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुल मिशनचा उद्देशही देशी जातींची जोपासना हाच आहे. ह्या साधनांचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु कोणते रेत भरले जात आहे हे शेतकऱ्याने विचारलेच पाहिजे. दुधासाठी राखलेल्या गाईस परदेशी संकराचे रेत योग्य असेल. पण बैलासाठी राखलेल्या काठाणी गाईस ते भरल्यास वशिंड नसलेला, उन्हास न टिकणारा गोऱ्हा हाती येतो, आणि तो ना नांगराचा ना गाडीचा. रेतनाची पावती जपून वहीस लावून ठेवावी.

उपसंहार

आज ट्रॅक्टर गावोगाव फिरत आहेत व बैल कमी होत आहेत, हे आम्हांस दिसते. परंतु जंगलाच्या कुशीतील लहान बांध्यांत, जेथे यंत्र वळत नाही व जेथे त्याचे भाडे परवडत नाही, तेथे बैलाची जोडी हाच शेतकऱ्याचा आधार आहे. बैल कमी झाले म्हणूनच प्रत्येक बैल अधिक चांगला असला पाहिजे. काठाणी जातीस नाव मिळाले. पण नाव कागदावर राहते आणि जात गोठ्यात राहते. गावोगावचे चांगले गोऱ्हे बडवले जात राहिले, तर नोंदलेल्या नावामागे जनावर उरणार नाही.

येत्या पोळ्यास बैलांची पूजा कराल, झूल घालाल, शिंगे रंगवाल. त्या दिवशी तोरणाखाली उभ्या असलेल्या प्रत्येक जोडीच्या धन्यास एवढेच विचारा की, ह्यांचा बाप कोण? ज्यांस उत्तर देता येईल त्यांची नावे लिहून घ्या. तीच तुमच्या पैदास-वहीची पहिली ओळ होईल.